स्टिअरिंगवर कोण बसणार?

मी ट्रक बोलतोय. आवाज जरा मोठा वाटेल, पण त्याला इलाज नाही. माझा सायलेन्सर ठिकठिकाणी जोडलेला आहे आणि माझ्याशी हळू आवाजात आजवर कुणी बोललेलं नाही. कुजबुज कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत ते दणके, शिव्या आणि दगड.

माझा जन्मच मुळी मारानं झाला. पोलादाचा पत्रा यंत्राखाली घातला, वरून हातोडा पडला आणि त्या पत्र्याचा दरवाजा झाला. पुन्हा पडला, बॉनेट झालं. लाल झालेले रिवेट ठोकून माझ्या फासळ्या जोडल्या. शेवटी रंग दिला तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो एकदाचा. सुटतोय कसला! पहिल्याच दिवशी मला दगडाच्या खाणीवर नेलं.

तिथं सुरुंग उडायचे. जमीन हादरायची, धूळ उठायची आणि धूळ खाली बसायच्या आत लोडरचं तोंड माझ्या हौद्यावर उघडायचं. पहिला धोंडा पडला तेव्हा मी अंगभर कळवळलो. संध्याकाळपर्यंत सवय झाली. नवा रंग आठवड्याभरात उडाला आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मला सोडून.

माझा मालकच मला चालवायचा. आडदांड माणूस. मान आणि खांदा यांच्यात फरक कळायचा नाही. मी सकाळी लवकर सुरू झालो नाही की तो टॉमी घेऊन उतरायचा. चाकाचे नट फिरवायच्या लांब लोखंडी दांड्याला टॉमी म्हणतात. ती तो माझ्या बॉनेटवर हाणायचा. मी कशामुळे अडलोय ते बघायचं राहिलं बाजूला, आधी चार तडाखे. माणसांची ही खोड मी तेव्हाच ओळखली. ज्याच्यावर हात उचलता येत नाही त्याचा राग ती भलत्यावरच काढतात. मुकादम मालकाला बोलायचा, मालक मला हाणायचा आणि त्यातूनही राग उरला तर तो घरी दोन मुलगे आणि त्यांची आई यांच्या वाट्याला जायचा.

मात्र एका गोष्टीला त्यानं कधी धक्का लावला नाही. माझं स्टिअरिंग. ते तो रोज स्वतःच्या बाहीनं पुसायचा. त्याच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसलेलं त्याला खपायचं नाही. थोरला मुलगा एकदा हळूच चढून बसला, तर त्याला कॉलर धरून खाली फेकला. धाकट्यानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तोही चढला. त्यालाही फेकला. त्या सीटचं वेड दोघांनाही लागलं ते तेव्हापासून. मार खाऊन लागलेलं वेड लवकर सुटत नाही.

एवढा रांगडा माणूस, पण गेला तो साध्या तापानं. अंथरुणात, डोळे मिटून, कुणावर हात न उचलता. मला ते पटलंच नाही.

त्या वेळी थोरला दूरच्या गावी दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होता. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आला तसा परत गेला. धाकटा घरीच होता. एका गॅरेजात कामाला जायचा, पण माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. मला घराच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलं आणि मी तिथंच राहिलो. आधी बॅटरी चोरीला गेली, मग आरसे. एका कुत्रीनं केबिनमध्ये पिल्लं घातली. खरं सांगतो, तेवढीच काय ती सोबत. बाकी गंज. मार परवडला, पण गंज नको. मार खाताना निदान कुणीतरी जवळ असतं.

मग एक दिवस भंगारवाला आला. बारीक अंगाचा, कमरेला छोटी हातोडी लावलेला. त्यानं मला जागोजागी वाजवून पाहिलं, डॉक्टर पोट वाजवून पाहतो तसं, आणि आईला म्हणाला, "आतून खाल्लीय, वहिनी. वजनावर घेतो. उद्या टेम्पो आणि गॅस कटर घेऊन येतो."

गॅस कटर म्हटल्यावर माझ्यात डिझेल असतं तर गोठलं असतं.

नेमका त्याच आठवड्यात थोरला घरी परतला होता. त्याच्या शेठनं गाड्या विकल्या होत्या आणि हा रिकामा झाला होता. तो पायऱ्यांवरून गरजला, "गाडी भंगारात जाणार नाही!"

धाकटा आतून म्हणाला, "आत्ता आठवली होय गाडी?"

तिथंच जुंपली. आईनं दोघांच्या मध्ये पाण्याची बादली जोरात आपटली. दोघंही भिजले आणि गप्प झाले. कागदोपत्री मी तिच्या नावावर होतो. तिनं सांगून टाकलं, "खाणीवरचा नवा मुकादम गाडी शोधतोय. महिनाअखेर तपासणी पास झाल्याचा कागद दाखवला तर काम देतो म्हणाला. दोघं मिळून ही उभी करा. नाही केली तर," ती भंगारवाल्याकडे वळली, "भाऊ, तुमचं कटर घेऊन या."

"आणि चालवणार कोण?" दोघांनी एकदमच विचारलं.

आई बादली उचलून आत गेली. ते उत्तर तिनं तेव्हाच द्यायला हवं होतं, असं मला वाटतं. पण मला कोण विचारतो?

आता माझी दुरुस्ती सुरू झाली. दुरुस्ती या शब्दाला तुम्ही भुलू नका. पाहणाऱ्याला ती मारामारीच वाटली असती. ग्राइंडर अंगावरून फिरला की ठिणग्या उडायच्या आणि माझी कातडी सोलून निघायची. गंजलेले बोल्ट फिरेनात, तेव्हा त्यांना आगीनं लाल करून छिन्नी लावायचे आणि घणानं हाणायचे. एकानं छिन्नी धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा. थोरल्याचा घण एकदा घसरला आणि धाकट्याच्या अंगठ्यावर बसला.

"मुद्दाम मारलास!"

"मुद्दाम मारला असता तर डोक्यात मारला असता, बारक्या."

धाकट्यानं त्याच अंगठ्यानं मूठ आवळली आणि थोरल्याच्या तोंडावर ठेवून दिली. नंतर दोघंही एकाच नळाखाली रक्त धूत उभे राहिले, एकमेकांना कोपरानं ढकलत. नळ एकच होता आणि काम उद्यावर टाकायची चैन परवडणारी नव्हती.

पैशाची तर बोंबच होती. त्यामुळे नवीन असं काही माझ्या वाट्याला आलं नाही. एक दरवाजा दुसऱ्याच जातीच्या ट्रकचा आणला, तो बसेना, मग लाथा घालून बसवला. केबिनचा तळ पार सडून गेला होता, तिथं दातांच्या दवाखान्याची जुनी पाटी कापून वेल्ड केली. अजूनही क्लचखाली 'न दुखता' एवढी अक्षरं दिसतात. हे वाचून मला हसावं की रडावं कळत नाही. रंग उरल्यासुरल्या डब्यांतून एकत्र केला, तो ना धड हिरवा ना धड राखाडी, आणि स्प्रे भाड्यानं आणण्याऐवजी ब्रशनं फासला. इंजिन मात्र धाकट्यानं मन लावून उघडलं. एकेक भाग रॉकेलनं धुतला, जुन्या चादरीवर ओळीनं मांडला. त्या कामात त्यानं कुणावर आवाज चढवला नाही. ब्रेक थोरल्यानं केले, आणि तेही तसेच. खरं म्हणजे दोघंही चांगले कारागीर. एकेकटे असले की हात मऊ, एकत्र आले की हातात दगड.

ज्या दिवशी इंजिन पेटलं त्या दिवशी मी इतका धूर सोडला की शेजारी भांडायला आले. दोघं भाऊ धुरात उभे राहून खोकत हसत होते. एकमेकांकडे न बघता, पण हसत होते. मला वाटलं, जमलं.

शेवटचं चाक राहिलं होतं.

माझ्यासारख्या जुन्या ट्रकच्या चाकाबद्दल सांगायला हवं. लोखंडी डिस्कवर टायर चढवला की तो निसटू नये म्हणून एक पोलादी रिंग डिस्कच्या खाचेत ठोकून बसवतात. आत हवा भरली की सगळा दाब त्या रिंगवर येतो. खाच गंजलेली असली तर रिंग सुटते, आणि सुटली की तोफेच्या गोळ्यासारखी जाते. म्हणून हवा भरताना चाक आडवं ठेवायचं नाही, उभं ठेवून रिंगची बाजू भिंतीकडे करायची, डिस्कच्या भोकांतून जाड साखळी ओवून टायरभोवती गुंडाळायची आणि स्वतः बाजूला उभं राहायचं. हे काम करणारा प्रत्येक जण असंच करतो. न करणारे फार दिवस काम करत नाहीत.

पंक्चरवाल्यानं आपला कॉम्प्रेसर दोघांना वापरायला दिला होता. ते चाक बघून तो म्हणाला होता, "खाच खाल्लीय हिची. दुसरी डिस्क बघा."

"दुसरी कुठली आणू? घासून बसवतो," थोरला म्हणाला. घासली आणि बसवली. साखळीही रीतसर गुंडाळली, हूक अडकवला. चाक भिंतीशी लावलं, हवेची नळी जोडली. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

भंगारवाला नेमका तेव्हाच आला होता. त्याला आशा होती, बिचाऱ्याला. टेम्पो फाटकाशी लावून तो गंमत बघत उभा राहिला. आई चहाचे पेले घेऊन बाहेर आली आणि सहज बोलून गेली, "उद्या तपासणीला कोण नेणार रे?"

"मी," दोघंही म्हणाले.

पेले खाली ठेवायच्या आत सुरुवात झाली.

"तू? तुझ्या नाकासमोर गाडी कुजली, एक फडका मारला नाहीस तिच्यावर!"

"आणि तू? बाबा तापानं फणफणले होते तेव्हा तुझं नाव घेत होते, दादा. तुझं! त्यांच्या उशाशी मी बसलो होतो आणि नाव तुझं घेत होते. तू कुठं होतास?"

थोरल्याचा चेहरा मी माझ्या नव्याजुन्या काचेतून पाहिला. तसा चेहरा मालकाचा टॉमी उचलताना व्हायचा. त्यानं उजव्या हातानं धाकट्याची कॉलर धरली आणि डावा हात काहीतरी शोधत मागे नेला. घण लांब होता. टॉमी लांब होती. हाताला लागली ती साखळी. त्यानं चाकाचा हूक झटक्यात काढला, साखळी खेचून घेतली आणि भावाच्या पाठीवर हाणली.

साखळी खेचताना चाक भिंतीपासून फिरलं. कॉम्प्रेसर चालूच होता.

"दादा, चाक!" धाकटा ओरडला. मार खाता खाताही त्याचं लक्ष चाकाकडे होतं, कारण तो गॅरेजातला माणूस. थोरल्याला वाटलं, हा फसवतोय. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला. धाकट्यानं पाय घालून त्याला आडवा पाडला.

पडता पडता थोरल्याचा उचललेला हात तेवढा वर राहिला.

आवाज सुरुंगासारखा झाला. घराच्या काचा फुटल्या. रिंग माझ्या नव्या दरवाजातून आरपार गेली, पण त्याआधी ती थोरल्याच्या मनगटातून गेली होती. साखळी लांब जाऊन पडली आणि ती धरणारी बोटंही तिच्याबरोबर गेली.

धाकट्यानं पाय घातला नसता तर ते डोकं असतं. हे मी पाहिलं, भंगारवाल्यानं पाहिलं. आईनं काहीच पाहिलं नाही, ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

धाकट्यानं आपला पट्टा काढून भावाच्या कोपराखाली आवळला, दातांनी गाठ मारली. भंगारवाल्यानं टेम्पोतलं लोखंड हाता-पायांनी रस्त्यावर लोटून दिलं, सगळं, एकही तुकडा मागे न ठेवता, आणि ओरडला, "आणा इकडं! लवकर!" मला भंगारात न्यायला आलेला टेम्पो थोरल्याला घेऊन इस्पितळात गेला. मी मागे राहिलो, एक चाक कमी, दरवाजाला भोक. ती रिंग माझ्या अंगाचा तुकडा होती. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर राग जास्त आला. एवढा घासूनपुसून उभा केलात मला, तो काय एकमेकांना मारायला?

काही दिवसांनी भंगारवाला परत आला. टेम्पोतून एक डिस्क काढून त्यानं धाकट्यापुढे टाकली. "खाच चांगली आहे हिची, मी स्वतः पाहिलीय. घे. वजनात धरत नाही." आणि चहाला न थांबता निघून गेला. त्यानंतर त्यानं मला हातोडीनं वाजवलं नाही.

धाकट्यानं उरलेलं काम एकट्यानं पुरं केलं. शिवी नाही, आपटणं नाही. मला ती शांतता सोसवेना. तपासणीला मला तोच घेऊन गेला. साहेबानं ब्रेक दाबून पाहिले, दिवे पाहिले, दरवाजावरच्या ठिगळाकडे बघून विचारलं, "इथं काय झालं?"

"घरगुती," धाकटा म्हणाला.

मी पास झालो. मुकादमानं कामही दिलं. आणि तरीही मी जागेवरून हललो नाही, कारण धाकटा त्या सीटवर पुन्हा बसायला तयार होईना. तपासणीहून आल्यावर किल्ली आईपुढे ठेवली आणि जेवायलाही बसला नाही. थोरला घरी आला होता. हात मनगटापाशी संपलेला. माझ्याकडे पाठ करून दिवसभर पायरीवर बसायचा.

शेवटी आईच उसळली. "ज्यानं मारलं त्याचा हात गेला, ज्यानं मार खाल्ला त्याची वाचा गेली. मी आता दोघांना भिंतीला लावून ठेवू का, गाडीच्या जागी? मुकादम उद्यापर्यंत थांबणार आहे. मग मी भाऊंना बोलावते, आणि या वेळी बादली आपटायला बाहेर येणार नाही."

धाकट्यानं वेल्डिंगचं यंत्र बाहेर ओढलं, माझ्या स्टिअरिंगच्या कडेला एक गोल मूठ वेल्ड केली, एका हातानं गरागरा फिरवता येईल अशी. ती गार होईपर्यंत थांबला. मग सरळ पायरीकडे गेला आणि थोरल्याची कॉलर धरून त्याला उठवलं.

"सोड!"

"चल वर."

"सोड म्हणतो ना! हात कुठाय मला?"

"एक आहे ना? स्टिअरिंगला एक पुरतो." त्यानं भावाला माझ्या केबिनमध्ये अक्षरशः कोंबला. मालकाच्या सीटवर. थोरला लाथा झाडत होता, शिव्या देत होता, एक लाथ धाकट्याच्या छातीत बसलीही. धाकटा बाहेरून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढला आणि मधल्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसला.

"क्लच तू दाब. गिअर मी टाकतो."

"तू? कधी टाकायचा ते कळतं का तुला?"

"तू सांग. जन्मभर सांगतच आलायस."

शेवटी थोरल्याचा पाय क्लचवर पडला.

तो पहिला प्रवास मी विसरणार नाही. खाणीच्या आतल्या रस्त्यावर, दगड भरलेला मी आणि दोघांचे मिळून तीन हात. क्लच अर्धवट असताना धाकटा गिअर टाकायचा आणि माझे दात करकर वाजायचे. मालकाच्या टॉमीनंही असं दुखलं नव्हतं. चढावर थोरला ओरडला, "पहिला!" धाकट्याचा हात चुकला. गिअर सुटला आणि मी मागे सरकायला लागलो, सगळ्या धोंड्यांसकट, खालच्या खड्ड्याकडे. थोरला सीटवरून उठून ब्रेकवर उभा राहिला. धाकट्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला.

"टाक, बारक्या!"

"क्लच दाब! पूर्ण दाब, दादा!"

गिअर बसला. मी हिसका खाऊन थांबलो, थरथरलो आणि इंचाइंचानं वर चढलो.

वर पोचल्यावर थोरल्यानं उजवा हात उचलला. धाकट्यानं सवयीनं मान खाली घातली आणि डोळे मिटले. हात त्याच्याकडे गेला नाही. तो हॉर्नवर गेला आणि तिथंच राहिला. मी बोंबलत होतो, खाणीतली माणसं वर बघत होती आणि थोरला हुंदके देत होता. हॉर्नमुळे ते फक्त मला आणि धाकट्याला ऐकू आलं.

आता रोज जातो आम्ही. दोघं मिळून चालवतात ते खाणीच्या आतच, बाहेरच्या रस्त्यावर एकटा धाकटा चालवतो आणि फाटकाशी दोघं जागा बदलतात. गंज पुन्हा लागतोय, मला कळतं. पुन्हा घासतील. शिव्या देतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि त्या मला गोड लागतात असं म्हटलं तर तुम्ही हसाल.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कधी खाणीच्या बाजूनं गेलात आणि माझे दात करकरताना ऐकू आले, तर कान झाकून घ्या, पण हसू नका आणि कुणाला थांबवायला जाऊ नका. दोघांपैकी एकानं उशीर केलेला असतो, आणि दुसरा त्याची वाट बघत असतो.